डोंगरातला पत्रा आणि कारखान्याची वही : पडलेलं बॉम्बर विमान ओळखायचं कसं?

रिव्हेटवाला

नमस्कार मंडळी. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

माझा भाचा अरुणाचलात अप्पर सियांग जिल्ह्यात नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने एक फोटो पाठवला. आदी जमातीच्या एका कुटुंबाच्या घरी मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि मिरच्यांखाली होता वीतभर रुंद, हातभर लांब असा वाकलेला पत्रा. कडेने रिव्हेटची ओळ. कोपऱ्यात ठोकून उमटवलेला आकडा, ३२ ने सुरू होणारा, आणि त्याच्या शेजारी वाटाण्याएवढा गोल शिक्का. "मामा, हे विमानाचंच ना? घरातले आजोबा सांगतात, त्यांच्या वडिलांनी वरच्या जंगलातून आणलं."

मी ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात ३१ वर्षं काढली. तो गोल शिक्का बघून मला गलबलून आलं. आमच्याकडे प्रत्येक तपासनिसाला स्वतःचा शिक्का असतो, त्यावर त्याचा क्रमांक. भाग मापात आहे, भोकं जागेवर आहेत, कुठे भेग नाही, असं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मगच शिक्का मारायचा. मारला की त्या भागाची जबाबदारी तुमची. निवृत्त झालो त्या दिवशी रजिस्टरमध्ये सही करून मी माझा शिक्का परत केला, तेव्हा हात जड झाला होता. या पत्र्यावरही ऐंशी वर्षांपूर्वी कोणीतरी "मी पाहिलं, बरोबर आहे" असं लिहून ठेवलंय.

मग मी कामाला लागलो आणि पहिल्याच पायरीवर चुकलो. ३२ ने सुरू होणारा तो आकडा विमानाचाच क्रमांक असणार असं धरून दोन आठवडे अमेरिकी विमानांच्या याद्या चाळल्या. काहीच जुळेना. जुळणार कसं? तो भागाच्या आराखड्याचा क्रमांक होता. बी-२४ लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकी बॉम्बर, हे कन्सॉलिडेटेड कंपनीचं मॉडेल ३२, म्हणून त्याच्या भागांचे क्रमांक ३२ ने सुरू होतात. तोच भाग हजारो विमानांत गेलेला असतो आणि हजारो विमानांत त्याचा क्रमांक तोच. त्यावरून विमानाची जात कळते, नाव नाही.

इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मी ही गल्लत केली, म्हणून सुरुवातीलाच सांगतो. पडलेल्या विमानात चार प्रकारचे आकडे सापडतात आणि प्रत्येकाची वही वेगळी असते.

पहिला हा भागाचा क्रमांक. दुसरा कारखान्याचा अनुक्रमांक, म्हणजे त्या कारखान्यातून बाहेर पडलेलं कितवं विमान. तिसरा हवाईदलाचा क्रमांक. अमेरिकी पद्धतीत त्याच्या सुरुवातीला ज्या आर्थिक वर्षात मागणी नोंदवली ते वर्ष असतं. ४२-७३३०८ म्हणजे १९४२ च्या मागणीतलं विमान. शेपटीवर रंगवताना वर्षाचा पहिला आकडा आणि मधली रेघ गाळत, त्यामुळे शेपटीवर २७३३०८ एवढंच दिसायचं. चौथा प्रकार इंजिनांचे आणि मशीनगनचे क्रमांक. शेवटी तेच कामाला येतात. का, ते पुढे सांगतो.

आता लिबरेटरच्या जन्माबद्दल, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे. हे विमान पाच ठिकाणी बनायचं : कन्सॉलिडेटेडचे सॅन डिएगो आणि फोर्ट वर्थ हे दोन कारखाने, डग्लसचा टल्सा, नॉर्थ अमेरिकनचा डॅलस आणि फोर्ड मोटर कंपनीचा मिशिगनमधला विलो रन. प्रत्येक कारखान्याचं दोन अक्षरांचं चिन्ह विमानाच्या नावाला जोडलेलं असे : सीओ, सीएफ, डीटी, एनटी, एफओ. एकूण १८,००० हून जास्त लिबरेटर बनली. त्यातली ८,६८५ एकट्या विलो रनची. ऐन भरात असताना तिथून सुमारे तासाला एक बॉम्बर बाहेर पडत होतं. एका विमानात तीन लाखांहून जास्त रिव्हेट. कामगारांपैकी जवळजवळ एक तृतीयांश बायका होत्या. माझ्या पत्र्यावरची रिव्हेटची ओळ त्यांच्यापैकी कोणाच्या हातची असेलही.

"असेलही" म्हणतोय, कारण त्या ८,६८५ पैकी १,८९३ विमानं विलो रनने पूर्ण जोडलीच नाहीत. त्यांचे सुटे संच करून टल्सा आणि फोर्ट वर्थला पाठवले आणि तिथे ती उभी राहिली. म्हणजे पत्र्यावर फोर्डचा शिक्का सापडला तरी विमान कागदोपत्री डग्लसचं असू शकतं! नुसत्या शिक्क्यावर विसंबून अमुक कारखान्याचं म्हणून यादी गाळत बसलो, तर खरं विमानच यादीबाहेर जायचं.

आणखी एक फसगत. क्रमांक ३२ ने सुरू झाला म्हणजे ते बॉम्बरच, असंही नाही. याच विमानाचं मालवाहू रूप सी-८७ आणि टँकर रूप सी-१०९, दोन्ही आसामातून चीनकडे हिमालयावरून उडत होती. त्या मार्गाला वैमानिक 'हंप' म्हणायचे. पत्रे तेच, आराखडे तेच. बॉम्बर म्हणायला बाँब टांगायचे सांगाडे, मशीनगनचे फिरते बुरुज, मशीनगन असं काहीतरी मिळायला हवं.

चहा घेऊन येतो, मग पुढचं लिहितो.

पायवाट

काका, दंडवत. एक भाबडा प्रश्न. शेपटीवर एवढा मोठा क्रमांक रंगवलेला असतो, तर मग अडचण कुठे येते? शेपूट शोधायचं आणि वाचायचं.

रिव्हेटवाला

प्रश्न बरोबर आहे. शेपूट शाबूत असेल तर पाच मिनिटांचं काम. लिबियाच्या वाळवंटात तसंच झालं. 'लेडी बी गुड' नावाचं बी-२४ डी, क्रमांक ४१-२४३०१, ४ एप्रिल १९४३ ला नेपल्सवरच्या मोहिमेवर गेलं आणि परत आलं नाही. समुद्रात पडलं असावं असं धरून कागद बंद झाले. १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना ते विमानातून दिसलं, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, वाळूत पोटावर टेकलेलं. कोरड्या हवेत सगळं वाचण्यासारखं राहिलं होतं. क्रमांक नोंदींशी ताडला आणि नऊ जणांचा शोध पुन्हा सुरू झाला. १९६० पर्यंत आठ जणांचे अवशेष मिळाले. सहवैमानिकाच्या खिशात रोजनिशी होती. पाण्याशिवाय किती दिवस चालले ते तिच्यात लिहिलेलं आहे. ती नोंद वाचून मला झोप लागली नव्हती.

पण सियांगमध्ये वाळवंट नाही. तिथे पाऊस, भूस्खलन, बांबू आणि वेली. विमान पूर्ण वेगात उतारावर आदळलेलं असतं. आग लागलेली असते, आणि ॲल्युमिनियम तर वितळतं. राहतं ते जड सामान : इंजिनं, चाकांचे दांडे, मशीनगन, पंखातले जाड भाग. रंगवलेलं काही उरत नाही, ठोकलेलं आणि कोरलेलं तेवढं उरतं. म्हणून शेवटी कारखान्याच्या वहीकडेच यावं लागतं.

आकडेमोड

काका, 'हॉट ॲज हेल'बद्दल लिहा ना. तेही सियांगमधलंच.

रिव्हेटवाला

त्याच्याकडेच येत होतो. ४२-७३३०८ हा क्रमांक वर उदाहरणाला घेतला तो मुद्दाम. तेच हे विमान.

बी-२४ जे, सॅन डिएगोचं. ३०८ वा बॉम्ब गट. २५ जानेवारी १९४४ ला आठ जणांना घेऊन चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चाबुआला निघालं. चीनमध्ये बाँब, पेट्रोल, सुटे भाग सगळं हिमालय ओलांडूनच न्यावं लागे, त्यामुळे बॉम्बर विमानंही स्वतःचं सामान आणायला भारतात फेऱ्या मारायची. त्या दिवशी हवामान भयंकर होतं आणि त्या एका दिवसात या मार्गावर अनेक विमानं गेली. ही गोष्ट ओळखीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. एकाच दिवशी, एकाच मार्गावर, एकाच जातीची विमानं हरवली असतील तर "इथे बी-२४ सापडलं" या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. कोणतं बी-२४?

२००६ च्या डिसेंबरमध्ये क्लेटन कूल्स हे अमेरिकी गिर्यारोहक दामरोह गावाजवळच्या जंगलात गावकऱ्यांच्या मदतीने त्या जागी पोहोचले. मग अमेरिकी सरकारी पथकं आली. उतार इतका तीव्र आणि काम करायला मिळणारे महिने इतके थोडे, की वर्षानुवर्षं गेली. एप्रिल २०१६ मध्ये अवशेष दिल्लीहून सन्मानाने अमेरिकेला पाठवले गेले. २०१७ मध्ये फर्स्ट लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि जॉर्जिया राज्यातल्या त्यांच्या गावी, कॉनकॉर्डला, दफन झालं. मृत्यूनंतर ७३ वर्षांनी.

विमान ओळखलं की माणसं आपोआप ओळखली जात नाहीत, त्यासाठी डीएनए लागतं. पण विमान ओळखलं नाही तर डीएनए कोणाच्या नातेवाइकांशी ताडायचं? आठ घरांची दारं ठोठवायची की आठशे? कारखान्याच्या त्या आकड्याचं मोल इथे आहे.

आता इंजिनांचं सांगतो. १९४३ पासून अमेरिकी हवाईदलात हरवलेल्या विमानाचा एक ठरावीक अहवाल भरायचा नियम झाला. असे सोळा हजारांहून जास्त अहवाल आहेत. त्यात चालकदलाची नावं, मार्ग, हवामान हे तर असतंच, पण त्याबरोबर चारही इंजिनांचे क्रमांक आणि बसवलेल्या मशीनगनचे क्रमांक लिहायला रकाने आहेत. बी-२४ जे वर सहसा दहा मशीनगन असत. म्हणजे विमानाचा क्रमांक धरून चौदा-पंधरा वेगवेगळे आकडे एका कागदावर. डोंगरात त्यातले दोन जरी सापडले आणि जुळले, तरी खूण पटली.

एकच जुळलं तर? मी थांबेन. इंजिनं बदलली जातात. एका विमानाचं इंजिन दुसऱ्याला बसवलं आणि कारकुनाने नोंद केली नाही, असं युद्धात रोज घडत असणार. शांततेच्या काळातही घडतं, मी स्वतः पाहिलंय.

लोहगावची

माझे वडील लोहगावला हवाईदलाच्या ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये जमिनीवरच्या दुरुस्तीत होते. तिथे १९५१ पासून लिबरेटर होती. आमच्या घरी 'लिबरेटर' हा शब्द एखाद्या नातेवाइकासारखा यायचा.

काकांनी सुट्या भागांच्या अदलाबदलीचं लिहिलं त्यावरून आठवलं. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला कितीतरी लिबरेटर मोडतोड करून सोडून दिली होती, पुन्हा उडू नयेत म्हणून. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने त्यातली चाळीसहून अधिक पुन्हा उभी केली. कॅप्टन जमशेद मुन्शी कानपूरहून ती बंगळूरला उडवत नेत. ती १९६८ पर्यंत आपल्याकडे सेवेत होती. आज जगात जी थोडी लिबरेटर शिल्लक आहेत, त्यातली बरीचशी भारताने दिलेली आहेत.

आणि एकाच विमानाला तीन-तीन क्रमांक! इंग्लंडमध्ये ब्रिटिश हवाईदलाच्या संग्रहालयात आहे ते आपलं एचई८०७. त्याआधी ब्रिटिशांचं केएन७५१. त्याच्याही आधी अमेरिकी ४४-५०२०६, विलो रनचं. वडील सांगायचे, एकाचा दरवाजा दुसऱ्याला आणि तिसऱ्याचं चाक चौथ्याला. मग त्या विमानाच्या पंखातला एखादा भाग कोणाच्या हाती लागला तर तो कुठल्या विमानाचा म्हणायचा?

रिव्हेटवाला

लोहगावची ताई, वडिलांच्या आठवणी वेगळा धागा काढून लिहाच. विनंती नाही, आग्रह आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : भाग कुठल्याही विमानातून आलेला असो, विमान कोणतं ते सांगाड्यावरची क्रमांकाची मूळ पाटी आणि तिच्या नावाची कागदांची साखळी ठरवते. आम्ही कारखान्यात तसंच मानायचो.

आल्मेरकर

नेदरलँड्समधून लिहितोय, आल्मेर शहरातून. इथलं एक प्रकरण याला अगदी लागून आहे.

आमच्या शहराला लागून मार्करमीर तलाव आहे. २००८ मध्ये एका बोटीच्या नांगराला विमानाचे तुकडे लागले. ब्रिटिश चार इंजिनांचं शॉर्ट स्टर्लिंग, एवढं कळलं. ब्रिटिश भागांवरही विमानाच्या जातीचा क्रमांक पुढे लावलेला असतो, स्टर्लिंगला एस२९, हॅलिफॅक्सला ५७. आधी हे बीके७१० असावं असा अंदाज होता. मग अवशेषांत सिगारेटची डबी मिळाली, तिच्यावर जे.एम.सी. अशी आद्याक्षरं. बीके७१६ च्या सात जणांत जॉन मायकेल कॅम्पबेल होते. २९ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवरच्या मोहिमेवर गेलेलं विमान. ७१० आणि ७१६, सहा आकड्यांचं अंतर! दोन्ही विमानं एकाच मागणीतली, भाग सारखेच. २०२० मध्ये ते सगळं वर काढलं, मानवी अवशेषही मिळाले. आज आल्मेरमध्ये स्मारक आहे. मी मुलीला घेऊन गेलो होतो. तिने सातही नावं मोठ्याने वाचली.

म्हणून माझं मत काकांपेक्षा थोडं वेगळं आहे. कारखान्याची नोंद तुम्हाला गल्लीपर्यंत नेते. दार उघडतं ते माणसाच्या वस्तूने.

रिव्हेटवाला

आल्मेरकर, सुंदर लिहिलंत. पण थोडं भांडतो. ती आद्याक्षरं कोणाची, हे कशावरून ताडलं? चालकदलाच्या यादीवरून. कोणाकोणाच्या याद्या काढायच्या, हे कशावरून ठरलं? स्टर्लिंग आहे हे कळलं म्हणून. गल्ली सापडल्याशिवाय दार कुठलं शोधणार?

आकडेमोड

हेच आकडे उलट्या दिशेनेही वापरले गेलेत. दोस्तराष्ट्रांचे विश्लेषक पकडलेल्या जर्मन रणगाड्यांवरचे अनुक्रमांक टिपून घेत आणि त्यावरून एकूण किती बनले असतील याचा अंदाज बांधत. जून १९४१ साठी हेरखात्याचा आकडा होता महिन्याला १,५५०. अनुक्रमांकांवरून आला २४४. युद्धानंतर जर्मनांच्या स्वतःच्या वह्या मिळाल्या, त्यात निघाले २७१. ब्रिटनमध्ये पडलेल्या जर्मन बॉम्बर विमानांच्या पाट्याही अशाच वाचल्या जात. कारखान्यात एखाद्या मुलाने ओळीने ठोकलेले आकडे शत्रूचं सगळं गुपित सांगून गेले. मी वर्गात संभाव्यता शिकवताना हेच उदाहरण घेते.

पायवाट

पुन्हा एक प्रश्न, जरा नाजूक. मी ईशान्येत बराच ट्रेक केलाय. विमानाच्या पत्र्याची भांडी, विळे, डुकरांसाठी खाण्याची थाळी, सगळं पाहिलंय. लोकांनी ते वापरलं त्यात काही चूक वाटत नाही. पण बाहेरून येणारे काही जण आठवण म्हणून छोटी पाटी काढून खिशात घालतात, ते बघून वाईट वाटतं. याबद्दल काय म्हणाल?

रिव्हेटवाला

गावकऱ्यांना मी काय म्हणणार! आभाळातून धातू पडला, त्यांनी त्याची विळी केली. पडलेल्या माणसांची हाडं अनेक ठिकाणी त्याच लोकांनी पुरली, जागा लक्षात ठेवली आणि तीन पिढ्यांनी वाट दाखवली. ती वाट नसती तर दामरोहपर्यंत कोणी पोहोचलं नसतं.

पाटी खिशात घालणाऱ्याबद्दल मात्र मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. पाटी म्हणजे त्या विमानाचं नाव. पत्रे शंभर असतात, पाटी एक. ती तुमच्या दिवाणखान्याच्या कपाटात गेली की डोंगरातलं विमान बेवारस झालं. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये एखादी भाची, नातू अजून वाट बघत असेल, तिच्या हातात आलेला धागा तुम्ही तोडलात. फोटो काढा, जागा नोंदवा, पाटी तिथेच ठेवा. पासीघाटला २०२३ मध्ये हंपच्या युद्धस्मृतींचं संग्रहालय सुरू झालंय, तिथे कळवता येईल.

भातखाचर

+१. पाटीबद्दलचं वाचून एका मित्राला आत्ताच फोन केला.

काका, तुमच्या पत्र्याचं पुढे काय झालं?

रिव्हेटवाला

अजून लागलेला नाही. सांगतो कुठवर आलोय.

भागाच्या क्रमांकावरून लिबरेटरचं कूळ नक्की. शिक्का कोणत्या कारखान्याचा, ते फोटोत नीट दिसत नाही, आणि दिसला तरी संचांच्या भानगडीमुळे मी त्यावर निकाल देणार नाही. भाचा आजोबांबरोबर पुन्हा बोलला. ते म्हणाले, वरच्या ओढ्यात "मोठं फूल" आहे, लोखंडाचं. मला वाटतं इंजिन. तारेच्या आकारात बसवलेले सिलिंडर लांबून फुलासारखेच दिसतात.

पावसाळा संपला की भाचा गावकऱ्यांबरोबर जाणार आहे. त्याला मी हे लिहून पाठवलंय :

आधी सिलिंडर मोज. दोन रांगा मिळून अठरा भरले तर ते सी-४६ मालवाहू विमान असेल आणि माझा पत्रा दुसऱ्याच कुठल्या तरी विमानाचा. चौदा भरले तर बी-२४ असू शकतं, पण सी-४७ डाकोटाही असू शकतं, दोघांची इंजिनं एकाच कुळातली. मग जवळपास टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याची, तबकडी दिसते का बघ. ती डाकोटाला नसते, लिबरेटरला असते. इंजिनावरची पाटी मिळाली तर घासू नकोस, ब्रश नको, चाकू नको. पाण्याने हलकेच धू. टॉर्च समोरून धरू नकोस, बाजूने, अगदी चपटा धर. उथळ ठसे सावलीने उठून दिसतात. पाच-सहा फोटो काढ, दर वेळी टॉर्चची दिशा बदल. शेजारी मोजपट्टी ठेव. पाटीवर ब्यूक किंवा शेवरोले दिसलं तर गोंधळू नकोस, मोटारी बनवणाऱ्या या दोन्ही कंपन्यांनी हीच इंजिनं बनवली. मशीनगन दिसली तर हात लावू नकोस, आसपास जिवंत काडतुसं असू शकतात. लांबूनच मोठं करून फोटो घे. आणि हाडासारखं काही दिसलं तर तिथेच थांब, काही उचलू नकोस, जागा नोंदव आणि जिल्हाधिकारी कार्यालयात कळव.

सगळ्यात आधी, आजोबांना विचारून जा. जंगल त्यांचं आहे.

क्रमांक हाती आला की इथेच टाकतो. अहवाल मिळवायला आकडेमोड ताईंनी मदत करायचं कबूल केलंय. तोवर मिरच्या त्याच पत्र्यावर वाळतायत, आणि मी भाच्याला सांगितलंय की तो मागून आणू नकोस.